मांडीतली गाठ, मूत्राशयातला रोग

कर्करोगावर बोलायचे म्हटले की सभागृहात एक प्रकारची शांतता पसरते. रोगाचे नावच असे आहे की ते घरात मोठ्याने उच्चारायला कोणी धजत नाही. परंतु ज्या गोष्टी घरात बोलल्या जात नाहीत त्या चारचौघांत नीट बोलता याव्यात, यासाठीच व्याख्यानमाला असते, असे आम्ही समजतो.

आजचा विषय कर्करोगाच्याही एका कोपऱ्यातला आहे. मूत्राच्या वाटेवरील अस्तरात सुरू झालेला कर्करोग क्वचित प्रसंगी मांडी, कुल्ला, कंबर, दंड अशा ठिकाणच्या स्नायूंत जाऊन वसतो. इतक्या दुर्मिळ गोष्टीसाठी नगरवासीयांचा तासभर वेळ का घ्यावा, असे कोणी विचारील. आम्ही डॉक्टर नव्हे. कामगार संघटनेचे काम करीत असता रंगाच्या आणि रसायनांच्या कारखान्यांतील माणसांचे दवाखान्याचे कागद आमच्या हाती येत गेले. त्यांतले न कळलेले शब्द वाचनालयात बसून आम्ही उलगडीत गेलो. त्यातून जे शिकलो ते मांडतो आहोत. रोग दुर्मिळ असला तरी त्यातून मिळणारा धडा रोजच्या उपयोगाचा आहे. दूर जाऊन बसलेला रोग ओळखायचा तर रोग्याचा मागचा इतिहास हाताशी लागतो. आणि कष्टकरी माणसाचा इतिहास सहसा कोणी लिहून ठेवलेला नसतो.

मूत्राची वाट

आपल्या शरीरात दोन मूत्रपिंडे आहेत. ती रक्त गाळतात आणि मूत्र तयार करतात. मूत्रपिंडाच्या आतल्या पोकळीत हे मूत्र गोळा होते, तेथून दोन बारीक मूत्रवाहिन्यांतून ओटीपोटातील मूत्राशयात उतरते, आणि मूत्राशय भरला की मूत्रमार्गाने बाहेर पडते. मूत्रपिंडाच्या पोकळीपासून मूत्राशयापर्यंत आणि मूत्रमार्गाच्या सुरुवातीपर्यंत या वाटेला आतून एकाच जातीचे अस्तर आहे. मूत्राशय भरला की ते ताणले जाते, रिकामा झाला की आकसते. या अस्तराच्या पेशी बेबंद वाढू लागल्या म्हणजे जो रोग होतो त्याला डॉक्टर यूरोथेलियल कार्सिनोमा म्हणतात. बहुतेक वेळा तो मूत्राशयातच सुरू होतो, कारण मूत्र तासन्‌तास साठून राहते ते तेथे.

हा रोग स्वतः दुर्मिळ नव्हे. २०२२ साली जगात मूत्राशयाच्या कर्करोगाचे सुमारे ६ लाख १४ हजार नवे रोगी झाले आणि सुमारे २ लाख २० हजार माणसे त्याने दगावली, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. पुरुषांत त्याचे प्रमाण स्त्रियांच्या तिपटीहून अधिक आहे.

त्याचे पहिले लक्षण बहुधा एकच असते: लघवीतून रक्त जाते, आणि दुखत मात्र नाही. दुखत नाही म्हणूनच घात होतो. लघवी दोन दिवस लाल होते, तिसऱ्या दिवशी स्वच्छ होते. माणूस म्हणतो, उष्णता झाली होती, सब्जा घेतला आणि गेली. स्त्रियांच्या बाबतीत तर लघवीचा जंतुसंसर्ग समजून औषधांवर औषधे दिली जातात आणि महिने निघून जातात. चाळिशी उलटलेल्या माणसाच्या लघवीत एकदा जरी रक्त दिसले तरी त्याची तपासणी झाली पाहिजे. मग ते थांबलेले का असेना.

दोन स्नायूंचा घोटाळा

पुढे जाण्यापूर्वी एक घोटाळा दूर करणे जरूर आहे. मूत्राशयाच्या रोग्याच्या अहवालात ‘मसल इन्व्हेजिव्ह’ असे शब्द येतात. घरातला शिकलेला मुलगा ते वाचतो आणि सांगतो की रोग स्नायूत गेला. मग सगळे घर बापाच्या हातापायांकडे पाहू लागते.

येथे ‘स्नायू’ म्हणजे मूत्राशयाच्या भिंतीतलाच स्नायू. मूत्राशयाच्या अस्तराखाली स्नायूंचा एक जाड थर असतो. लघवीच्या वेळी तो आवळला जातो व मूत्र बाहेर ढकलतो. त्याचे वैद्यकीय नाव डेट्रूसर. हा आपल्या इच्छेने नव्हे तर शरीराच्या अंतर्गत व्यवस्थेने चालणारा स्नायू आहे. रोग अस्तरापुरता आहे की या थरात शिरला आहे, यावर सारी उपचारयोजना अवलंबून असते. रोग प्रथम सापडतो तेव्हा सुमारे चारांतील तिघांत तो अस्तराच्या आसपासच असतो. दुर्बिणीने गाठ खरवडून काढता येते, पुढे मूत्राशयात औषध सोडून तो आटोक्यात ठेवता येतो. या कामी वापरली जाणारी बीसीजी ही मूळची क्षयाची लस आहे. मूत्राशयाच्या रोगावर तिचा उपयोग होतो हे कॅनडातील डॉ. मोरालेस यांनी १९७६ साली प्रसिद्ध केले. पण रोग भिंतीच्या स्नायूत शिरला असेल तर बहुधा मूत्राशयच काढावा लागतो, किंवा किरणोपचार व औषधे यांची मोठी लढाई करावी लागते.

म्हणूनच खरवडून काढलेल्या तुकड्यात तो स्नायू आला होता की नाही, हे अहवालात पाहावे. तुकड्यात स्नायूच नसेल तर रोग त्यात शिरला आहे की नाही हे सांगता येत नाही, आणि पुष्कळदा पुन्हा खरवडावे लागते. डॉक्टर असे सुचवितात तेव्हा ते पैशासाठी सुचवितात असा संशय घेऊ नये.

आमच्या विषयातला स्नायू दुसरा. तो हाडांना जोडलेला, आपल्या इच्छेने हलणारा: गोणी उचलणारा दंड, जिना चढणारी मांडी, यंत्रापाशी आठ तास उभे राहणारी पोटरी. मूत्राशयाशी त्याचा शेजार नाही. तेथे रोग पोचतो तो प्रवास करून.

रोगाचा प्रवास

कर्करोगाच्या पेशी मूळ गाठीपासून सुटतात आणि दोन वाटांनी जातात. एक वाट रसवाहिन्यांची; तिच्यावर रसग्रंथींची ठाणी असतात व पेशी प्रथम तेथे अडकतात. दुसरी वाट रक्ताची. मूत्राशयाचा रोग पसरतो तेव्हा तो बहुधा ओटीपोटातील रसग्रंथी, यकृत, फुप्फुसे आणि हाडे येथे सापडतो. हे त्याचे नेहमीचे मुक्काम.

मुक्काम ठरावीक का असावेत, हा प्रश्न जुना आहे. स्टीफन पॅजेट नावाच्या इंग्रज शल्यवैद्याने १८८९ साली स्तनाच्या कर्करोगाने मेलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. रक्त तर सगळीकडे जाते. मग यकृतात गाठी वारंवार आणि प्लीहेत क्वचित, असे का? त्याने उत्तर दिले ते आपल्या शेतकऱ्याला सहज पटेल. बी वाऱ्यावर चहूकडे उडते, पण रुजते ते मानवणाऱ्या जमिनीत. रोगाची पेशी हे बी आणि अवयव ही जमीन. पुढे दुसऱ्या अभ्यासकांनी रक्तप्रवाहाच्या दिशेवर भर दिला, आणि आज दोन्ही गोष्टी खऱ्या मानल्या जातात.

या हिशेबाने पाहिले तर स्नायू हे एक कोडेच ठरते. शरीराच्या वजनाचा जवळजवळ तिसरा ते पाचांतील दोन इतका हिस्सा स्नायूंचा असतो. त्यांत रक्तही मुबलक खेळते. व्यायामाच्या वेळी तर कितीतरी पट. म्हणजे बी तेथे भरपूर पडत असले पाहिजे. तरीही तेथे पीक येत नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात, रोग पसरलेल्या पाच हजारांहून अधिक कर्करोग्यांच्या छायाचित्रणाच्या नोंदी तपासल्या असता स्नायूंत गाठी आढळल्या त्या सुमारे १.२ टक्के रोग्यांत. त्यांतही फुप्फुस, मूत्रपिंड, आतडे असे निरनिराळे कर्करोग आले. मूत्राशयाच्या रोगाने स्नायूत मुक्काम केल्याची उदाहरणे वैद्यकीय मासिकांत बहुधा एकेक, दोनदोन अशीच छापून येतात.

मात्र शवविच्छेदनात स्नायूंचे तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईने पाहिले की हे प्रमाण वाढते. काही अभ्यासांत ते शेकडा दहाच्याही वर गेले आहे. याचा अर्थ असा की दुर्मिळतेचा काही भाग खरा आहे आणि काही भाग न पाहण्याचा आहे. स्नायू खोल असतात, त्यांत दुखणे नेहमीचेच असते, आणि तपासणी बहुधा छाती व पोट यांची होते. मांडीची होत नाही.

स्नायू थारा का देत नाहीत

याची कारणे शोधण्याचे प्रयत्न झाले आहेत. एक कारण हालचालीचे सांगतात. स्नायू आवळतो, सैल पडतो, पुन्हा आवळतो; त्याच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकलेली पेशी या दाबाने चिरडली जाते. लिओनार्ड वाइस यांनी १९८९ साली प्राण्यांवरील प्रयोगांतून असे दाखविले की मज्जातंतू तोडून निश्चल केलेल्या स्नायूत कर्करोगाच्या पेशी अधिक टिकतात, आणि विजेच्या झटक्यांनी हलविलेल्या स्नायूत त्या अधिक नष्ट होतात. दुसरे कारण श्रमाने स्नायूत साठणाऱ्या लॅक्टिक आम्लाचे सांगत. १९८० च्या सुमारास हा तर्क पुष्कळांनी उचलून धरला होता.

अलीकडे, २०२२ साली, अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथील शास्त्रज्ञांनी उंदरांवर याहून खोल प्रयोग केला. त्यांना असे आढळले की स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी स्नायूपर्यंत पोचतात, तेथे जिवंतही राहतात, पण वाढत नाहीत. काम करणाऱ्या स्नायूत प्राणवायूपासून दाहक द्रव्ये तयार होत असतात. स्नायूच्या स्वतःच्या पेशींना त्यांची सवय असते, परक्या पेशींना ती सोसत नाहीत. ती सोसण्याची ताकद देणारे कॅटलेज हे द्रव्य कर्करोगाच्या पेशींत कृत्रिम रीतीने वाढविले, तेव्हा मात्र त्या स्नायूतही गाठी करू लागल्या.

यावरून कोणी असे समजू नये की अंगमेहनत करणाऱ्याला ही गाठ होत नाही. उंदरातला प्रयोग उंदरापुरता. घेण्यासारखी गोष्ट एवढीच की स्नायू हे रोगाला नकोसे घर आहे, पण दार अगदी बंद नाही. ज्या रोगाच्या पेशी फार आहेत किंवा फार चिवट झालेल्या आहेत, तो तेथेही पाय रोवतो. म्हणूनच स्नायूतल्या गाठीबरोबर पुष्कळदा इतरत्रही रोग सापडतो, आणि डॉक्टर तिला गंभीर चिन्ह मानतात.

दुखणारी गाठ आणि चुकणारे निदान

आता हा रोग समोर येतो कसा ते पाहू. समजा, एक साठीतला निवृत्त कामगार आहे. दोन वर्षांपूर्वी त्याच्या मूत्राशयातली गाठ काढली होती. आता त्याची मांडी दुखते. प्रथम तो तेल लावतो, मग हाडवैद्याकडे जातो, मग वेदनाशामक गोळ्या घेतो. महिन्याभराने हाताला कठीण सूज लागते. जांघेपाशी दुखत असेल तर पाय सरळ करवत नाही. माणूस गुडघा पोटाशी घेऊन निजतो. हे दुसरे लक्षण कमरेच्या मणक्यांपासून मांडीपर्यंत जाणाऱ्या सोआस या खोल स्नायूचे. मूत्रवाहिनी याच स्नायूवरून खाली उतरते, त्यामुळे मूत्रमार्गाच्या रोगात तो विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. तेथे रोग रक्तातूनही येतो, आणि शेजारच्या रसग्रंथींतून सरळ पसरूनही येतो.

स्नायूत मूळचीच वाढणारी मांसाची गाठ पुष्कळदा दुखत नाही. बाहेरून आलेल्या कर्करोगाची गाठ बहुधा दुखते. हा भेद उपयोगी आहे, पण पक्का नाही. छायाचित्रात ही गाठ कडेने उजळ व मध्ये अंधारी दिसते, आणि नेमके तसेच गळूही दिसते. आपल्या देशात सोआस स्नायूत गळू म्हटले की मणक्याच्या क्षयाची आठवण आधी होते, आणि ती रास्तच आहे, कारण तो रोग आपल्याकडे पुष्कळ. मग सुई घालून पू काढायला जातात आणि पू निघत नाही. किंवा क्षयाची औषधे सुरू होतात आणि गाठ वाढतच राहते. कधी मार लागून रक्त साकळले आहे असे समजतात. कामगाराच्या अंगावर मार लागल्याची आठवण काय, कधीही निघते! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असे होऊन बसते.

खरे निदान एकाच मार्गाने होते: जाड सुईने गाठीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. त्यावर विशिष्ट रंगद्रव्यांच्या चाचण्या करतात. जीएटीए-३ नावाची चाचणी मूत्रमार्गाच्या अस्तराकडे बोट दाखवायला मदत करते. परंतु कोणती चाचणी करावी हे तपासनिसाला सुचायचे तर त्याच्या कागदावर लिहिलेले असावे लागते की या माणसाला पूर्वी मूत्राशयाचा रोग झाला होता. नुसते ‘मांडीतील गाठ’ एवढेच लिहून तुकडा गेला तर तो मांडीपासून शोध सुरू करतो. जुना तुकडा आणि नवा तुकडा शेजारी ठेवून पाहता आले तर निदानाला मोठाच आधार मिळतो.

येथे एक गोष्ट ठासून सांगतो. मांडी दुखली म्हणजे कर्करोग झाला, असे मुळीच नाही. शंभर दुखऱ्या मांड्यांपैकी शंभरांची कारणे बहुधा साधीच असतात. ज्याला पूर्वी मूत्रमार्गाचा कर्करोग झालेला आहे, किंवा ज्याच्या लघवीत रक्त येऊन गेले आहे, अशा माणसाच्या स्नायूतले दुखणे तीन-चार आठवड्यांत हटत नसेल, रात्री वाढत असेल, किंवा हाताला गाठ लागत असेल, तर त्याने जुने कागद घेऊन डॉक्टरांकडे जावे. आमचे म्हणणे इतकेच.

मस्टरवरून सिद्ध झालेला रोग

मागच्या इतिहासाला आम्ही एवढे महत्त्व का देतो, हे या रोगाच्या स्वतःच्याच इतिहासावरून कळेल.

१८५६ साली विल्यम पर्किन या तरुण इंग्रज रसायनज्ञाने डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यातून जांभळा रंग काढला, आणि कृत्रिम रंगांचे कारखाने युरोपभर उभे राहिले. १८९५ साली जर्मनीत फ्रँकफुर्ट येथील शल्यवैद्य लुडविग रेन यांनी शल्यवैद्यांच्या परिषदेत सांगितले की फुक्सिन हा किरमिजी रंग बनविणाऱ्या ४५ कामगारांपैकी तिघांच्या मूत्राशयात गाठी झाल्या आहेत. रेन यांना हे दिसले ते त्यांनी रोग्याला ‘काय होते’ एवढेच न विचारता ‘काम काय करतोस’ हेही विचारले म्हणून. त्यांनी दोष अ‍ॅनिलीन या द्रव्यावर ठेवला होता. पुढे बोट गेले ते बीटा नॅफ्थिलअमाईन आणि बेन्झिडीन यांच्यावर. आणि १९२१ साली आंतरराष्ट्रीय मजूर कचेरीने या दोन द्रव्यांविषयी जगाला इशारा दिला. १९३८ साली विल्हेल्म ह्यूपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी बीटा नॅफ्थिलअमाईन देऊन कुत्र्यांच्या मूत्राशयात कर्करोग निर्माण करून दाखविला.

एवढे होऊनही कारखाने चालूच होते. इंग्लंडमध्ये हा प्रश्न निकालात निघाला तो रॉबर्ट केस यांच्या कामाने. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रंग कारखान्यांकडून जुन्या कामगारांच्या नावांच्या याद्या मिळविल्या. कोण कोणत्या खात्यात किती काळ होता ते लिहिले. आणि त्या याद्या मृत्यूच्या दाखल्यांशी ताडून पाहिल्या. १९५४ साली त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. रंग कारखान्यांतील त्या कामगारांत मूत्राशयाच्या कर्करोगाचे मृत्यू सर्वसाधारण लोकसंख्येच्या कितीतरी पट होते, आणि कामाला लागल्यापासून रोग दिसेपर्यंत सरासरीने पंधरा-वीस वर्षे गेलेली होती. याच शोधात रबर कारखान्यांतील कामगारांतही हा रोग वाढलेला सापडला. बीटा नॅफ्थिलअमाईनचे उत्पादन इंग्लंडमध्ये १९४९ साली थांबले होते. १९५३ साली हा रोग तेथे भरपाईस पात्र असा धंद्याचा रोग ठरला.

आमच्यासारख्यांना यात लक्षात राहते ती गोष्ट ही की या शोधाचे मुख्य साधन मस्टर होते. नावे, खाती आणि तारखा नीट लिहिलेल्या होत्या म्हणून मेलेल्या माणसांनी साक्ष दिली.

ही द्रव्ये मूत्राशयापर्यंत पोचतात कशी? कामगार पावडर भरतो, फिल्टर प्रेसमधला ओला लगदा हाताने खरवडतो, ड्रायरची धूळ श्वासातून घेतो. द्रव्य कातडीतून व फुप्फुसातून रक्तात जाते, यकृतात त्याचे रूप बदलते, आणि मूत्रपिंडातून ते मूत्रात उतरते. मग पुढली पाळी संपेपर्यंत ते मूत्राशयात साठून अस्तराला लागत राहते. अहमदाबाद येथील कामगारांच्या लघवीचा अभ्यास भारतीय व अमेरिकन शास्त्रज्ञांनी मिळून केला आणि तो १९९७ साली प्रसिद्ध झाला. बेन्झिडीन व त्यापासून केलेले रंग हाताळणाऱ्यांच्या लघवीत गळून आलेल्या अस्तराच्या पेशी त्यांनी तपासल्या, तेव्हा त्या पेशींच्या डीएनएला या द्रव्याचे अंश चिकटलेले आढळले. लघवी जितकी आम्लयुक्त, तितके हे प्रमाण अधिक होते. बेन्झिडीनवर आधारलेल्या रंगांच्या हाताळणीवर भारत सरकारने १९९० च्या दशकात बंदी घातली. परंतु रोगाला वीस वर्षे लागतात हे ध्यानात घेतले म्हणजे त्या काळी काम केलेल्या माणसांना हा इतिहास आजही लागू आहे.

येथे मालकपक्षाकडून हटकून एक गोष्ट सांगितली जाते: हा रोग बिडी-सिगारेटने होतो. ते खोटे नाही. मूत्राशयाच्या कर्करोगाचे सर्वांत मोठे कारण धूम्रपान हेच आहे. पुष्कळ देशांत जवळजवळ निम्मे रोगी त्याच्या खात्यावर जमा होतात, आणि धुरातही तीच, बीटा नॅफ्थिलअमाईनच्या जातीची द्रव्ये असतात. म्हणून आम्ही सभांतून बिडी सोडा असे सांगत आलो आहोत. पण जो बिडी ओढतो आणि पावडरही भरतो, त्याच्या अंगात एकाच जातीचे विष दोन दारांनी शिरते. बिडीचे दार दाखवून कारखान्याचे दार झाकता येत नाही.

उपचाराची स्थिती

रोग स्नायूपर्यंत गेला म्हणजे तो सर्व शरीरात फिरलेला आहे असे धरून उपचार करतात. नुसती मांडीतली गाठ कापून भागत नाही. वेदना कमी करण्यासाठी त्या जागी किरणोपचार देतात, आणि मुख्य भर सर्वांगात जाणाऱ्या औषधांवर असतो. सिसप्लाटिन हे औषध धरून केलेल्या मिश्रणांवर १९८० च्या दशकापासून सारी भिस्त होती. २०२४ साली एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीत पसरलेल्या मूत्रमार्ग-कर्करोगाच्या ८८६ रोग्यांपैकी काहींना जुनी औषधे व काहींना एन्फोर्टुमॅब व्हेडोटिन आणि पेम्ब्रोलिझुमॅब ही दोन नवी औषधे मिळून दिली. जुन्या औषधांवर निम्मे रोगी जिवंत राहण्याचा काळ १६.१ महिने होता. नव्यांवर तो ३१.५ महिने भरला. हे आकडे पसरलेल्या रोगाचे आहेत, केवळ स्नायूतल्या रोगाचे नव्हेत. तरीही स्नायूत गाठ सापडली म्हणजे आता करण्यासारखे काही उरले नाही, असे म्हणण्याचे दिवस गेले. ही नवी औषधे अत्यंत महाग आहेत, आणि गिरणगावातल्या किंवा एमआयडीसीतल्या माणसाला ती कशी मिळणार हा प्रश्न समाजाचा आहे. तो सोडवायचा तर निदान वेळेवर व्हावे लागते, आणि रोग कशाने झाला ते कागदावर यावे लागते.

वही ठेवा

आपल्याकडचा कामगार निवृत्त होतो तेव्हा त्याच्यापाशी काय असते? भविष्यनिधीचा आकडा आणि एक शाल. मस्टरवर त्याच्या नावापुढे ‘हेल्पर’ लिहिलेले असते; कोणत्या द्रव्याशी त्याने पंधरा वर्षे काढली त्याचा उल्लेख नसतो. कंत्राटी कामगाराचे तर नावही कंत्राटदाराबरोबर बदलत्या वह्यांत हिंडते. भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. धोक्याच्या द्रव्यांशी काम करणाऱ्यांच्या आरोग्याच्या नोंदी मालकाने ठेवाव्यात व त्या कामगाराला पाहता याव्यात, अशी तरतूद तीत आली. व्यवसायजन्य कर्करोगाचे नाव कळविण्याजोग्या रोगांच्या यादीत दाखल झाले. कायद्याची पुस्तके पुढे बदलली. पण पुस्तकातली नोंद आणि कपाटातली नोंद यांत जे अंतर आहे ते तोडायला संघटनाच लागते.

तोपर्यंत प्रत्येकाने आपली वही आपण ठेवावी. दोन आण्यांची का असेना! तीत कारखान्याचे नाव, खाते, सालवार काम आणि पिंपावर छापलेली द्रव्यांची नावे लिहावीत. लघवीत रक्त दिसले असेल तर ती तारीख लिहावी. दुर्बिणीची तपासणी कधी झाली, तुकड्याचा अहवाल काय आला, त्याचा क्रमांक कोणता, हे लिहावे. मूळ कागद पिशवीत घालून घरच्या माणसाला दाखवून ठेवावेत. बिडी किती वर्षे ओढली तेही खरे लिहावे. ज्यांच्या घरी असा कामगार आहे त्या मुलामुलींनी आज रात्री बापाला शेजारी बसवून हे लिहून घ्यावे, कारण साठीनंतर द्रव्यांची नावे विसरतात. आणि डॉक्टर मंडळींना आमची नम्र विनंती आहे की त्यांनी रेन यांचा तो साधा प्रश्न टाकू नये. रोगी कोठेही दुखते म्हणून आला, तरी तो आयुष्यभर काय काम करीत होता, हे एकदा विचारावे व केसपेपरवर लिहावे.